निखारा जमला की जेवण जमतं : अंगणातल्या शेगडीसाठी कोळसा निवडताना आणि वापरताना

डिसेंबर उजाडला, वालाच्या शेंगांत दाणा भरला की पनवेल परिसरात पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे. मग तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा, ही रायगडची जुनी रीत. तिच्या जोडीला आता जाळीवरचं भाजणंही आलं आहे. नेरे, वाजे, मालडुंगे, धोदाणी या बाजूच्या फार्महाऊसवर, शिरढोण-तारा पट्ट्यातल्या वाड्यांत आणि नवीन पनवेलच्या बंगल्यांच्या अंगणात शनिवार-रविवारी बार्बेक्यूच्या शेगड्या पेटतात.

पोपटी आणि जाळीवरचं भाजणं यांत एक मोठा फरक आहे. पोपटीत जाळ आणि अन्न यांच्यामध्ये मातीचं मडकं असतं. जळण कसलंही असलं तरी त्याचा धूर आणि ज्वाळा मडक्याबाहेर राहतात. जाळीवर मध्ये काहीच नसतं. इंधनातून जे बाहेर पडतं ते थेट मासळीला, कोंबडीला, पनीरला लागतं. म्हणून इथे मसाल्याइतकाच कोळसाही नीट पारखून घ्यावा लागतो. बहुतेक घरांत मात्र मसाल्याची तयारी आदल्या रात्री होते आणि कोळसा आयत्या वेळी, मिळेल तो, आणला जातो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा पाडायला साधारण चार ते पाच किलो वाळलेलं लाकूड लागतं. पोतंभर कोळसा शेगडीत ओतून अर्धा तसाच जळू देणं म्हणजे एखाद्या झाडाच्या मोठ्या फांद्या विनाकारण जाळणं. चांगला कोळसा, थोडा कोळसा आणि पूर्ण फुललेला कोळसा, या तीन गोष्टी सांभाळल्या की जेवणही चांगलं होतं आणि जंगलावरचा भारही कमी होतो. पुढचं सगळं याच तीन गोष्टींबद्दल आहे.

लाकडी की दगडी?

दुकानात नुसतं ‘कोळसा द्या’ म्हणू नका. ‘लाकडी कोळसा’ म्हणा. जुनी माणसं त्याला लोणारी कोळसा म्हणतात. दगडी कोळसा हा खाणीतून निघतो. त्यात गंधक असतं आणि जळताना उग्र वासाचे, विषारी वायू बाहेर पडतात. त्यावर थेट अन्न भाजायचं नसतं. दोन्ही काळेच असले तरी ओळखणं सोपं आहे. दगडी कोळसा हाताला जड आणि दगडासारखा लागतो. लाकडी कोळसा हलका असतो आणि त्यावर लाकडाच्या रेषा, कधी फांदीच्या गाठी आणि सालही स्पष्ट दिसतात.

लाकडी कोळसा म्हणजे अपुऱ्या हवेत तापवलेलं लाकूड. भट्टीत लाकूड रचून ते पाला-पेंढ्याने आणि वरून मातीने झाकतात आणि आत विस्तव सोडतात. हवा पुरेशी न मिळाल्याने लाकूड पेट न घेता आतल्या आत धुमसत राहतं. तापमान चारशे-पाचशे अंशांपर्यंत चढतं, आधी पाणी निघून जातं, मग धूर करणारे तेलकट, चिकट पदार्थ निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. नीट पाडलेल्या कोळशात तो सत्तर-ऐंशी टक्के असतो. म्हणूनच असा कोळसा लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो आणि धूर फार कमी करतो. भट्टी घाईने उघडली तर मधली लाकडं अर्धकच्ची राहतात. तोच कोळसा पुढे तुमच्या अंगणात डोळ्यांतून पाणी काढतो.

कोणत्या झाडाचा कोळसा घ्यावा?

बाजारातल्या पोत्यात बहुधा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा कोळसा असतो. दोन्ही लाकडं कठीण, त्यामुळे कोळसा घट्ट, टिकाऊ आणि चांगला तापणारा. वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली जात आहे. कोरड्या भागातल्या पडीक जमिनीवर ती इतकी पसरली आहे की तिची तोड झाली तर देशी जंगलाचं नुकसान होत नाही. तेव्हा अंगणातल्या शेगडीसाठी वेड्या बाभळीचा कोळसा मिळाला तर तो बिनधास्त घ्या.

सुरूच्या लाकडाचा कोळसाही कडक आणि जोरदार असतो. धावडा, खैर, ऐन अशा जंगली झाडांचा कोळसा गुणाने उत्तम. पण ही आपल्या डोंगरांवरची झाडं आहेत, वाढायला कित्येक वर्षं घेणारी. एखादा विक्रेता ‘खास जंगलातला माल’ म्हणून तो पुढे करत असेल तर नको म्हणावं. आंबा, सावर अशा मऊ लाकडांचा कोळसा लवकर पेटतो, पण भराभर संपतो. चहा गरम करायला तो पुरे, दोन तास चालणाऱ्या जेवणाला नाही.

कोकणात राहणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला पर्याय घरचाच आहे, तो म्हणजे नारळाच्या करवंटीचा कोळसा. करवंटी दाट आणि कठीण, त्यामुळे तिचा कोळसा एकसारखा तापतो, बराच वेळ टिकतो आणि राख कमी सोडतो. त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही. बाजारात करवंटीच्या कोळशाच्या दाबून केलेल्या चौकोनी वड्या मिळतात. त्या पेटायला थोडा जास्त वेळ घेतात; मात्र एकदा फुलल्या की वारंवार भर घालावी लागत नाही.

कोळशाचा भुगा आणि पिठूळ चिकटद्रव्य यांपासून केलेल्या उशीच्या आकाराच्या ब्रिकेटही आता दुकानांत दिसतात. उशीच्या आकाराच्या ब्रिकेटचं पेटंट अमेरिकेत १८९७ मध्ये एल्सवर्थ झ्वोयर यांनी घेतलं आणि १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मोटारींच्या कारखान्यातल्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून त्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या. सगळे तुकडे एकाच मापाचे असल्याने आच समान राहते, हा त्यांचा फायदा. घेताना पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. कोळसा आणि स्टार्च एवढंच असेल तर उत्तम. आपोआप पेट घेणाऱ्या, म्हणजे आधीच ज्वालाग्राही द्रव लावलेल्या ब्रिकेट टाळा. त्या द्रवाचा वास मासळीला लागतो.

दुकानात काय पाहावं?

पोतं न उघडता कोळसा घेऊ नका. पाच साध्या कसोट्या आहेत.

पहिली आवाजाची. दोन तुकडे एकमेकांवर हलकेच आपटा. नीट पाडलेला, कोरडा कोळसा खणखणीत वाजतो. ओला किंवा अर्धकच्चा कोळसा बद्द आवाज करतो.

दुसरी रंगाची. तुकडा मोडून पाहा. आत सर्वत्र काळा आणि किंचित चमकदार असावा. मध्ये तपकिरी लाकूड दिसलं तर तो धूर करणार हे नक्की.

तिसरी वजनाची. आकाराच्या मानाने तुकडा जड आणि हाताला गार लागत असेल तर त्यात पाणी आहे. तुम्ही कोळशाच्या भावाने पाणी विकत घेता आणि वर तोच कोळसा पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो.

चौथी मापाची. लिंबापासून मुठीएवढे तुकडे घरच्या शेगडीला योग्य. फार मोठे तुकडे सारखे फुलत नाहीत आणि चुरा हवेची वाट अडवतो. पोत्याच्या तळाशी हात घालून चुरा किती आहे ते बघा.

पाचवी स्वच्छतेची. माती, खडे, खिळे, रंगाचे पापुद्रे दिसले तर पोतं परत करा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या पेट्यांच्या फळ्या यांतून रंग आणि गोंदातले विषारी पदार्थ येतात. घरी शेगडी पेटवतानाही असले तुकडे वापरायचे नाहीत.

किती घ्यायचा? चार-पाच माणसांच्या जेवणाला, साधारण दीड फूट लांबीच्या शेगडीत, एक ते दीड किलो कोळसा पहिल्या फेरीला पुरतो. जेवण लांबणार असेल तर आणखी किलोभर बाजूला ठेवा. पाच किलोचं पोतं आणलं म्हणून सगळं वापरलंच पाहिजे असं नाही.

तो येतो कुठून, हेही विचारा

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कोळशाची गणना वनोपजात केली आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो. राखीव वनात कोळसा पाडणं हा याच कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावं, हा कोळसा कुठल्या झाडाचा आणि कुठून आला? प्रामाणिक व्यापाऱ्याला हे सांगायला अडचण नसते. उत्तर टाळलं गेलं तर दुसरं दुकान गाठावं. जंगलातलं लाकूड हा आपल्या भागात साधा विषय कधीच नव्हता. शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसांनी जीव गमावले.

कोळशाशी रायगडचं आणखी एक नातं आहे आणि ते दुखरं आहे. इथला कातकरी समाज पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढायचा. जंगलावर निर्बंध आले, तो धंदा सुटला, आणि यातली बरीच कुटुंबं कोळसाभट्ट्या व वीटभट्ट्यांच्या मजुरीकडे वळली. आजही दिवाळीनंतर रायगडमधली कातकरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दूरच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. धुमसणाऱ्या भट्टीवर रात्रंदिवस लक्ष ठेवावं लागतं. मातीचा थर कुठे खचला की आत हवा शिरते आणि सगळा माल जळून राख होतो. त्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीजवळ, धुरातच राहतात आणि मुलांची शाळा सुटते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तिथेच जावं लागतं. वेठबिगारी पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी कर्जाने बांधलेल्या मजुरीची प्रकरणं त्यानंतरही उघडकीला येत राहिली आहेत.

एका पोत्यामागचे हे कष्ट तुम्ही-आम्ही एकट्याने दूर करू शकणार नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. कोळसा जपून वापरणं, अगदी पडेल भावाच्या मालाचा मोह टाळणं, आणि आपल्या आसपासच्या आदिवासी वाडीतला एखादा गट करवंट्यांचा किंवा छाटणीच्या फांद्यांचा कोळसा करत असेल तर त्याच्याकडून योग्य दाम देऊन घेणं.

पनवेलच्या पावसात साठवण

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कोळसा हवेतली ओल शोषून घेतो. मे महिन्यात उरलेलं अर्धं पोतं पडवीत तसंच ठेवलं तर दिवाळीत ते पेटणार नाही. उरलेला कोळसा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिंपात भरा. डबा फरशीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर ठेवा. पावसाळ्यानंतर वापरण्याआधी कोळसा एक-दोन दिवस कडक उन्हात पसरला की ओल निघून जाते. डब्यात नुकताच विझवलेला कोळसा मात्र लगेच भरू नका. वरून गार दिसणाऱ्या तुकड्याच्या पोटात विस्तव असू शकतो. तो आतूनही पूर्ण गार झाल्याची खात्री करा, मगच भरा.

शेगडी आणि जागा

शेगडी उंच पायांची, न डगमगणारी, तळाला हवेची भोकं असलेली हवी. खालून हवा मिळाली नाही तर कोळसा धुमसत राहतो. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा साध्या लोखंडाची घ्या. जुन्या फ्रिजमधल्या जाळ्या आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, बादल्या, तारा आगीवर वापरू नका. तापल्यावर त्यांच्यातून अपायकारक धूर निघू शकतो. सळया म्हणून झाडाच्या काड्या वापरणार असाल तर झाड ओळखीचं हवं. कण्हेर विषारी आहे, तिची काडी अन्नात जाता कामा नये. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या की लवकर जळत नाहीत.

जागा मोकळी हवी. भिंत, लाकडी खांब, ताडपत्री, वाळलेलं गवत यांपासून शेगडी किमान तीन मीटर दूर असावी. जानेवारीनंतर आपल्याकडचे डोंगर गवताने पिवळे पडतात आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. फार्महाऊसभोवतीचं गवत आधी काढून घ्या, जमीन ओली करा, पाण्याची भरलेली बादली आणि वाळू हाताशी ठेवा. जोराचा वारा असेल तर बेत पुढे ढकला. कर्नाळा पक्षी अभयारण्यात विस्तव पेटवण्याचा विचारही करू नका. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा पेटती ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

इमारतीत राहणाऱ्यांनी बाल्कनीत कोळसा पेटवू नये. वरच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे, शेजारच्या घरातलं दम्याचं मूल, गॅलरीतून जाणाऱ्या तारा, सगळ्यांनाच त्याचा धोका आहे. सोसायटीच्या गच्चीवर करायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

आणि हे नीट वाचा, घरातल्या सगळ्यांना सांगा. बंद खोलीत, गाडीत, तंबूत किंवा बंद गॅरेजमध्ये कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, विझत आलेलीसुद्धा नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा निरुपद्रवी वाटतो आणि थंडीत ऊब घ्यायला लोक शेगडी तंबूत नेतात. तिथेच घात होतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच मोकळ्या हवेत या आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

पेटवण्याची रीत

रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांपैकी काहीही कोळशावर ओतायचं नाही. रॉकेलचा वास अन्नाला लागतो. पेट्रोलचा भडका हातभर उंच उठतो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची ज्योत दिवसा दिसतच नाही, आणि विझलं असं समजून वर आणखी ओतणारे भाजतात.

घरात याहून चांगली साधनं आहेत. नारळाच्या शेंड्या, वाळलेल्या करवंटीचे दोन-तीन तुकडे, चुरगाळलेला साधा कागद. तळाला शेंड्या आणि कागद, त्यावर करवंटी, त्यावर कोळशाचा लहानसा ढीग. कोळसा सपाट पसरू नका, ढीगच करा. तुकडे एकमेकांना तापवतात आणि मधून हवा वर खेचली जाते. खालून पेटवा आणि फुंकणीने किंवा सुपाने हळूहळू वारा घाला. चेहरा ढिगावर आणू नका, फुंकणी लांब धरा.

नेहमी भाजणाऱ्यांनी पेटवणीची चिमणी घ्यावी. दोन्ही तोंडं उघडी असलेलं, खालच्या भागात भोकं पाडलेलं आणि मध्ये जाळी असलेलं हे उभं नळकांडं असतं. वर कोळसा, जाळीखाली कागद. हवा भराभर वर चढते आणि वारा न घालता सगळा कोळसा सारखा फुलतो.

आता या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे थांबणं. पेटवल्यापासून पंधरा ते पंचवीस मिनिटं जाळीवर काहीही ठेवू नका. आधी धूर येईल, मग ज्वाळा दिसतील, मग ज्वाळा बसतील आणि कोळशावर पांढुरकी राख धरू लागेल. बहुतेक तुकडे राखेने झाकले आणि आतून लाल दिसू लागले की निखारा तयार झाला. त्याआधी ठेवलेलं अन्न बाहेरून काळं होतं, आतून कच्चं राहतं आणि धुराने कडवट लागतं. पाहुणे भुकेले असतील तर त्यांना तोवर उकडलेल्या शेंगा द्या, पण निखाऱ्याला त्याचा वेळ द्या.

आच ओळखणं आणि वाटून घेणं

निखारे तयार झाले की ते सगळ्या शेगडीत सारखे पसरू नका. एका बाजूला दोन थर, दुसऱ्या बाजूला विरळ एक थर, आणि जमल्यास एक कोपरा रिकामा. दाट बाजूला पदार्थाला बाहेरून रंग आणायचा, विरळ बाजूला तो आतपर्यंत शिजवायचा आणि रिकाम्या कोपऱ्यात तयार झालेलं गरम ठेवायचं. चरबी ठिबकून ज्वाळा उठली तर पाणी मारू नका, पदार्थ रिकाम्या बाजूला सरकवा. पाण्याने राख उडून अन्नावर बसते आणि वाफेने हात भाजतो.

आच तपासायला तळहात जाळीच्या वर साधारण चार बोटं ते वीतभर अंतरावर धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच तेज, चार-पाच सेकंद निभावलं तर मध्यम, आठ-दहा सेकंद धरता आला तर मंद. मासळी आणि भाज्यांच्या पातळ कापांना तेज ते मध्यम, कोंबडीला मध्यम, कंदांना मंद. आच वाढवायची तर निखारे जवळ आणा, वरची राख झटका, खालची हवा उघडा. कमी करायची तर निखारे पांगवा किंवा जाळी वर उचला. नवा कोळसा भरायचा झाला तर तो कडेला ठेवा आणि फुलल्यावरच मध्ये ओढा.

काय, केव्हा ठेवायचं?

निखाऱ्याच्या चढ-उताराप्रमाणे पदार्थांचा क्रम लावला की तेवढ्याच कोळशात सगळं जेवण होतं.

तेज आचेवर आधी कोळंबी आणि मासळी. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा द्या, हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावा. पापलेट, बोंबील जाळीला चिकटतात म्हणून दुहेरी मिटणारी जाळी वापरा किंवा केळीच्या पानात गुंडाळा. जाळी आधी तापवून तिला तेलाचा बोळा फिरवला की कातडी सुटत नाही.

मग मध्यम आचेवर कोंबडी, पनीर, भोपळी मिरची, कांदा. कोंबडी दह्यात, आलं-लसणीत मुरवताना भांडं फ्रिजमध्येच ठेवा. उन्हाळ्यात मुरवलेलं मांस तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका. मसाल्याचा थर आणि तेल बेताचं ठेवा, जास्तीचं तेल निखाऱ्यावर ठिबकून भडका उडवतं. साखर, मध, गोड सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लावा. तुकडा हाडाजवळ कापून पाहा, रस स्वच्छ यायला हवा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे. कच्च्या मांसाचं ताट आणि चिमटा वेगळे ठेवा. ज्यात कच्चं मांस मुरवलं तो उरलेला मसाला वरून पुन्हा लावायचा असेल तर आधी उकळून घ्या.

उतरत्या आचेवर मक्याची कणसं, भरताची वांगी, रताळी, सालीसकट कांदे. वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. रताळी सरळ गरम राखेत पुरून ठेवली तरी चालतात. शेवटी एक लाल निखारा लहान वाटीत घेऊन, वाटी डाळीच्या किंवा भरताच्या भांड्यात ठेवा, निखाऱ्यावर तुपाचे चार थेंब सोडा आणि तीन-चार मिनिटं झाकण ठेवा. हा धूर अन्नाला लावण्यासाठी चांगल्या लाकडाचाच निखारा हवा, ब्रिकेटचा नको.

धूर कमी, काळेपणा कमी

मांस ज्वाळेवर करपलं आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून धूर झाला की त्यात कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं तयार होतात. उपाय सोपे आहेत. आच मध्यम ठेवणं, पदार्थ वारंवार उलटणं, चरबीचे तुकडे आधीच काढणं, आंबट मसाल्यात मुरवणं आणि काळा पडलेला भाग काढून टाकणं. जाळीवर भाज्यांचं प्रमाण वाढवलं तर ताटही हलकं होतं.

शेजाऱ्यांच्या श्वासाचाही विचार करायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कोळशावरच्या तंदूरनाही पालिकेच्या नोटिसा गेल्या. पनवेलची हवा मुंबईहून वेगळी नाही. तळोजाचे कारखाने आणि दोन महामार्गांची वाहतूक तिच्यात आधीच भर घालतात, आणि हिवाळ्यात संध्याकाळी हवा खाली साचते. अधूनमधून होणाऱ्या घरगुती शेगडीवर बंदी नाही, पण जबाबदारी आहे. कोरडा कोळसा, पुरती पेटवण आणि प्लॅस्टिकचा एकही कपटा आत न टाकणं, एवढं पाळलं तर धूर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरताच राहतो.

विझवणं आणि राख

जेवण संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. शेगडीला झाकण असेल तर खालची-वरची हवा बंद करा. निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. झाकण नसेल तर निखारे चिमट्याने साठवणीच्या डब्यात नव्हे, तर वेगळ्या, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावा. तापलेल्या शेगडीत एकदम पाणी ओतू नका, उसळलेल्या वाफेने चेहरा भाजतो. राखेत चोवीस तासांनंतरही विस्तव असू शकतो, म्हणून ती थेट कचऱ्याच्या पिशवीत, पालापाचोळ्यात किंवा नदीकाठी टाकायची नाही. आधी पाण्याने भिजवा, ढवळा, पुन्हा भिजवा.

निव्वळ लाकडाच्या आणि करवंटीच्या कोळशाची राख बागेत वापरता येते. आपली कोकणातली जमीन आम्लधर्मी आहे आणि राख अल्कधर्मी, तिच्यात पोटॅशही असतं. नारळ, केळीच्या आळ्यात मूठ-दोन मूठ पुरे. ब्रिकेटची राख मात्र झाडांना घालू नका.

कुणी भाजलंच तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल काहीही लावू नका. भाजणं मोठं असेल तर लगेच दवाखाना. आग आवाक्याबाहेर गेली तर १०१ वर फोन करा.

पहिल्यांदाच शेगडी आणली असेल तर सुरुवात पंधरा पाहुण्यांच्या मेजवानीने करू नका. घरच्या चौघांसाठी किलोभर कोळसा, चार कणसं, दोन वांगी आणि चार बांगडे एवढंच घ्या. घड्याळ लावून निखारा केव्हा तयार होतो ते पाहा, हाताने आच मोजा, शेवटी किती कोळसा उरला ते तपासा. आपल्या शेगडीला नेमका किती कोळसा लागतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी दुकानात तुम्ही तेवढाच मागाल, आणि तो कुठून आला हेही विचाराल. पनवेलमधल्या शंभर घरांनी हे विचारायला सुरुवात केली तर दुकानदारांनाही त्याचं उत्तर तयार ठेवावं लागेल.